मैदानावर खेळाडूने वर्णावरून, जातीवरून शिवी दिली तर लीगने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की एखाद्या व्यावसायिक खेळाडूने सामन्यात समोरच्याला वर्ण, जात, धर्म किंवा समलैंगिकता यावरून घाणेरडा शब्द वापरला तर लीगने दंड करून सोडून द्यावं की सरळ बंदी घालावी, आणि रागाच्या भरात तोंडातून गेलेल्या एका शब्दाचं एवढं मोठं प्रकरण करायचं का. मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी सुनावण्यांमध्ये खेळाडूंच्या बाजूने उभा राहायचो, नंतर शिस्तपालन पॅनेलवर बसायला लागलो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते जवळून बघितलंय. उत्तर जरा लांब होणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. किती मॅचची बंदी हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हा की ज्याला ती शिवी बसली त्याने तोंड उघडल्यावर पुढचे दोन-तीन महिने त्याचं काय होतं, आणि ते बघून पुढच्या वेळी दुसरा कोणी तक्रार करायला पुढे येईल का. लीगच्या सगळ्या नियमांची परीक्षा इथे होते, बाकी पत्रकं काढणं, जर्सीवर घोषणा छापणं वगैरे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही.

आता "रागाच्या भरात" हे आधी घेतो कारण जवळपास प्रत्येक सुनावणीत पहिलं वाक्य हेच असतं, डोकं फिरलं होतं, तोंडातून गेलं, मनात तसं काही नव्हतं. डोकं फिरतं हे खरंय, व्यावसायिक खेळात ताण कसा असतो हे बाहेरून कळत नाही. पण तोच खेळाडू, तितकाच संतापलेला, रेफ्रीच्या अंगाला हात लावत नाही. अगदी नाकासमोर जाऊन ओरडेल, दोन्ही हात पाठीमागे धरून ओरडेल, पण बहुतेक वेळा हात लावणार नाही, कारण ज्युनियर लेव्हलपासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की रेफ्रीला हात लावला की बाहेर, मग तो स्टार असो की नवखा. म्हणजे रागातही माणूस स्वतःला आवरतो, फक्त काय केल्यावर काय होणार हे त्याला आधीपासून पक्कं माहीत पाहिजे. आणि शिव्याच द्यायच्या तर भाषेत काय कमी आहेत का, समोरच्याच्या खेळावर, अकलेवर, नशिबावर वाट्टेल ते बोलता येतं, त्यातून नेमकी त्याच्या कातडीवरची किंवा जातीवरचीच शिवी उचलली जाते तेव्हा ती फक्त त्या एका माणसाला लागत नाही. त्याच समाजातला एखादा खेळाडू शिवी देणाऱ्याच्या स्वतःच्या टीममध्ये पण असतो, तो पण ऐकतो, आणि संध्याकाळी त्याला त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसायचं असतं. साधी शिवी आणि ही शिवी यात मला हाच फरक वाटतो आणि म्हणून नियमही वेगळा लागतो.

तक्रारदाराचं काय होतं म्हणालो त्याचं सगळ्यात नीट नोंदलेलं उदाहरण म्हणजे सुआरेझ आणि एव्हरा. १५ ऑक्टोबर २०११, लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर म्हणजे अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने तक्रार केली की लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ त्याला रंगावरून बोलला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, आरोप ठेवला १६ नोव्हेंबरला, निकाल आला २० डिसेंबरला, ८ मॅचची बंदी आणि ४०,००० पौंड दंड, आणि सविस्तर कारणं बाहेर आली ३१ डिसेंबरला, ११५ पानांची. ते निकालपत्र या क्षेत्रात काम करणाऱ्याने वाचायलाच पाहिजे इतकं काळजीपूर्वक लिहिलंय. दोघांचं बोलणं स्पॅनिशमध्ये झालं होतं, सुआरेझचं म्हणणं की 'नेग्रो' हा शब्द उरुग्वेत सहज वापरतात, मग पॅनेलने भाषेचे जाणकार बोलावले, त्यांनी सांगितलं की मित्रांमध्ये चालतो हे बरोबर पण एव्हरा सांगतोय तसा भांडणात टोचून वापरला असेल तर तो उरुग्वेतही अपमानच आहे. शेवटी पॅनेलने दोघांच्या साक्षी शेजारी ठेवल्या, फुटेजशी ताडून बघितल्या आणि एव्हराचं जास्त विश्वासार्ह धरलं, शब्द सात वेळा वापरला गेला असं ठरवलं.

इथपर्यंत पॅनेलने आपलं काम चोख केलं. पण बाहेर काय चाललं होतं? दोन महिने चर्चा एव्हरा खोटारडा आहे का यावरच चालू राहिली. निकाल लागल्यावर लिव्हरपूलने त्याच्या विश्वासार्हतेवरच शंका घेणारं निवेदन काढलं आणि दुसऱ्याच दिवशी विगनविरुद्धच्या मॅचआधी सगळी टीम सुआरेझच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घालून मैदानात आली. जानेवारीत एव्हरा परत अ‍ॅनफिल्डवर खेळायला आला तर मॅचभर त्याची हुर्यो उडवली गेली. जेमी कॅराघर त्या टीममध्ये होता, त्याने २०१९ मध्ये टीव्हीवर एव्हरासमोर बसून माफी मागितली, आठ वर्षांनी. आता तुम्ही त्याच लीगमधला एखादा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय खेळाडू आहात असं समजा, नाव नाही, करार एक वर्षाचा, आणि तुम्ही हे सगळं बघितलंय. तुम्हाला मैदानात कोणी काही बोललं तर कराल तक्रार? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तक्रार नोंदली गेल्यापासून अपिलाची मुदत संपेपर्यंत क्लब, कोच आणि खेळाडू कोणीही तक्रारदाराच्या खरेपणाबद्दल जाहीरपणे बोलायचं नाही, टी-शर्ट नाही, पोस्ट नाही, "सूत्रांकडून" बातम्या पेरणं नाही, आणि मोडलं तर क्लबला वेगळी शिक्षा, शक्यतो पॉइंट कापायचे. आपल्या खेळाडूला आतून आधार द्या ना, चांगला वकील द्या, त्याच्या घरच्यांकडे लक्ष द्या, त्याला कोणाचीच हरकत नसते.

त्याच महिन्यातलं दुसरं प्रकरण चेल्सीचा जॉन टेरी आणि क्वीन्स पार्क रेंजर्सचा अँटन फर्डिनंड यांचं, २३ ऑक्टोबर २०११, टेरी फर्डिनंडला रंगावरून बोलल्याचा आरोप. इथे पोलीस केस झाली, एफएने कोर्टाचा निकाल येईपर्यंत हात आखडते घेतले, जुलै २०१२ मध्ये टेरी निर्दोष सुटला आणि सप्टेंबरमध्ये एफएच्या पॅनेलने त्यालाच दोषी धरून ४ मॅचची बंदी आणि २,२०,००० पौंड दंड केला. लोक गोंधळले, कोर्टाने सोडलं तर हे कोण? त्याचं उत्तर सरळ आहे. फौजदारी कोर्टाला शंकेला जागा न राहील इतका पुरावा लागतो, माणसावर गुन्ह्याचा शिक्का बसणार असतो, तर लीगच्या शिस्तपालनात दोन बाजूंपैकी कोणती जास्त शक्य वाटते एवढं पुरतं. दोन्ही निकाल एकाच वेळी बरोबर असू शकतात. पण या सगळ्यात अकरा महिने गेले, आणि फर्डिनंडने यावर मोकळेपणाने बोलायला २०२० उजाडलं. पोलिसांचा तपास चालू असला तरी लीगने निदान साक्षी लगेच नोंदवून बंद करून ठेवायला हव्यात, अकरा महिन्यांनी कोणाला काय नेमकं आठवणार!

आपल्याकडे या विषयावर बोलायला लागलं की २००८ ची सिडनी टेस्ट निघतेच, आणि निघाली की भावना निघतात, म्हणून फक्त प्रक्रियेबद्दल बोलतो. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला वर्णद्वेषी शब्द वापरल्याच्या तक्रारीवर मॅच रेफ्री माइक प्रॉक्टर यांनी हरभजन सिंगला ३ टेस्टची बंदी घातली, ज्या शब्दावरून घातली त्याची स्पष्ट ऑडिओ नव्हती, दोन्हीकडचे खेळाडू आपापल्या बाजूने सांगत होते. भारतीय बोर्डाने दौरा पुढे चालू ठेवायचा का असा प्रश्न उभा केला. अपील न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर गेलं, सचिन तेंडुलकरची साक्ष झाली, वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, साध्या शिवीगाळीवर प्रकरण आलं आणि मॅच फीच्या ५० टक्के दंड झाला. नंतर कळलं की हॅन्सन यांच्यासमोर हरभजनच्या आधीच्या शिक्षांची पूर्ण नोंदच आयसीसीकडून गेली नव्हती. माझ्या मते या प्रकरणात हरभजनवर अन्याय झाला की सायमंड्सवर हा वाद घालण्यात अर्थ नाही कारण प्रक्रियेने दोघांनाही काही दिलं नाही, एकाला स्वच्छ सुटका नाही, दुसऱ्याला ऐकून घेतल्याचं समाधान नाही. पहिल्या पायरीवर एकट्या मॅच रेफ्रीने रात्रीतून इतक्या गंभीर आरोपाचा निकाल लावायचा ही रचनाच चुकीची होती. सायमंड्सने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं की तिथून त्याची घसरण सुरू झाली, दारू वाढली, आणि सहकाऱ्यांना आपण यात ओढलं याचं ओझं त्याला वाटत राहिलं. तक्रार करणाऱ्यालाच अपराधी वाटायला लागलं तर त्या व्यवस्थेला काय म्हणायचं?

सुनावणीच्या खोलीत हे ओझं कसं तयार होतं ते एका प्रसंगातून सांगतो. एका सुनावणीत तक्रारदार अगदी तरुण मुलगा होता, टेबलाभोवती सात-आठ मोठी माणसं. अध्यक्षांनी विचारलं, नेमका शब्द काय होता, नोंदीसाठी सांगा. त्याने सांगितला. मग समोरच्या वकिलांनी विचारलं, कोणत्या सुरात म्हणाला, तसंच म्हणून दाखवा. त्याने पुन्हा म्हटला. मग दुभाष्याला उच्चार कळला नाही म्हणून तिसऱ्यांदा. ज्या शब्दाने त्याला जखम झाली तोच शब्द आम्ही सगळे मिळून त्याच्याच तोंडून वदवून घेत होतो, आणि तो पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत बसला होता, वर बघत नव्हता. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, सगळे आपापलं काम करत होते. त्यानंतर मी जिथे जिथे बसलो तिथे एक आग्रह धरला, तक्रारदार तो शब्द एकदाच, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहून देईल, सगळे तो मनात वाचतील आणि पुढे सुनावणीत त्याचा उल्लेख "शब्द क्रमांक एक" असा होईल. उच्चाराचा वाद असेल तर भाषातज्ज्ञ वेगळ्या खोलीत बघतील. याला एक पैसा खर्च येत नाही.

पुराव्याचं काम हे पहिल्या काही तासांचं असतं. मॅच संपल्यावर दोन्ही खेळाडू, जवळ उभे असलेले, रेफ्री, सगळ्यांचे जबाब वेगवेगळे, टीम बसमध्ये चढायच्या आधी घ्यायचे, कारण बसमध्ये गप्पा होतात आणि उतरेपर्यंत पंधरा जणांची एकच गोष्ट तयार होते, मुद्दाम खोटं बोलायचं म्हणून नाही, माणसाची आठवण अशीच चालते. ब्रॉडकास्टरकडून फक्त टीव्हीवर गेलेलं फुटेज नको, प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फुटेज मागायचं आणि तेही लगेच, ते फार काळ ठेवत नाहीत. क्रिकेटमध्ये स्टंप माइकमुळे काम सोपं होतं, जानेवारी २०१९ मध्ये डरबनला पाकिस्तानचा सर्फराझ अहमद दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुक्वायोला रंगावरून जे बोलला ते माइकवर आलं, पाचेक दिवसांत आयसीसीने ४ मॅचची बंदी घातली, वाद उरलाच नाही. फुटबॉलमध्ये तसं नाही. मार्च २०२१ मध्ये स्लाविया प्रागचा ओंद्रेय कुदेला रेंजर्सच्या ग्लेन कमाराच्या कानाशी गेला, तोंडावर हात धरून काहीतरी बोलला, त्याने आरोप नाकारला, तरी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, १० मॅचची बंदी घातली आणि मॅचनंतर मारहाण केल्याबद्दल कमारालाही ३ मॅचची. मला ही विभागणी पटते. चिडून हात उचलला त्याची शिक्षा वेगळी मोजली आणि त्यामुळे मूळ शिवी हलकी झाली नाही.

आणि सिद्ध नाही झालं तर? होतं असं, बऱ्याचदा होतं. २०१९ मध्ये एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, माइल्स गॅरेटने मेसन रुडॉल्फच्या डोक्यात हेल्मेट मारलं आणि नंतर सांगितलं की रुडॉल्फने वर्णद्वेषी शब्द वापरला होता, रुडॉल्फने ठामपणे नाकारलं, लीगने तपासून सांगितलं की तसा पुरावा मिळाला नाही. अशा वेळी निकाल लिहिणाऱ्याने दोन वाक्यं स्वच्छ लिहायला हवीत, आरोप सिद्ध झाला नाही म्हणून ज्याच्यावर आरोप होता तो निर्दोष आहे, आणि सिद्ध झाला नाही याचा अर्थ तक्रारदार खोटं बोलला असा होत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार हा वेगळा आरोप आहे, तो वेगळा सिद्ध करावा लागतो. ही दोन वाक्यं न लिहिल्यामुळे किती जणांचं करिअरभर नुकसान होतं ते बाहेर कळत नाही.

हेतू आणि संदर्भ याबद्दल थोडंच लिहितो. मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्या एडिन्सन कवानीने नोव्हेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर मित्राचे आभार मानताना लाडाने काळ्या रंगावरचा एक स्पॅनिश शब्द लिहिला, एफएने ३ मॅच आणि १ लाख पौंड दंड केला, हेतू वर्णद्वेषी नव्हता हे मान्य करून सुद्धा. मला ही शिक्षा जास्त वाटते, ज्याला लिहिलं तो मित्र, शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला, समज देऊन भागलं असतं, आणि अशा शिक्षांमुळे ड्रेसिंग रूममधला नियमावरचा विश्वास कमी होतो. पण दुसरी बाजू वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीची. त्याने जून २०२० मध्ये सांगितलं की आयपीएलमध्ये त्याला रंगावरच्या ज्या नावाने हाक मारायचे त्याचा अर्थ त्याला आत्ता कळला, तेव्हा तो काहीतरी दमदार अर्थ समजून हसायचा. पुढे त्याचं एका सहकाऱ्याशी बोलणं झालं आणि ते प्रेमाने म्हणत होते हे त्याने मान्य केलं. तरीसुद्धा ज्याला अर्थच माहीत नाही त्याच्याशी केलेली मस्करी ही दोघांची मस्करी नसते, एवढं तरी आपण मान्य करायला हवं. आणि "मस्करी होती" हे ऐकून लीगने फाइल बंद करायची नाही. २०१६ मध्ये इंग्लंडचा रग्बीपटू जो मार्लर वेल्सच्या सॅमसन लीला त्याच्या जिप्सी समाजावरून बोलला, सिक्स नेशन्स स्पर्धेच्या आयोजकांनी पुढे काही करायचं नाही असं ठरवलं, शेवटी वर्ल्ड रग्बीने प्रकरण हातात घेतलं आणि २ आठवडे बंदी व २०,००० पौंड दंड झाला.

आता शिक्षेकडे येतो, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. नुसता दंड मोठ्या खेळाडूला लागतच नाही. एप्रिल २०११ मध्ये कोबी ब्रायंटने रेफ्रीला समलैंगिकांना हिणवणारी शिवी दिली, अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, म्हणजे एनबीएने, १ लाख डॉलर दंड केला, ऐकायला प्रचंड, पण त्या सीझनला त्याचा पगार जवळपास अडीच कोटी डॉलर होता, म्हणजे अर्धा टक्का पण नाही. तोच दंड एखाद्या नवख्याला केला तर तो बुडेल. मॅचची बंदी मात्र सगळ्यांना सारखी लागते कारण करिअर छोटं असतं आणि टीमलाही झळ बसते. म्हणून मी बंदीच्या बाजूने आहे, आणि कमीत कमी किती हे सीझनच्या आधी छापलेलं पाहिजे. युएफा आणि फिफाने वर्णद्वेषाला किमान १० मॅच ठेवलेत, फुटबॉलच्या लांब सीझनला ते ठीक आहे, पण आकडा इतका मोठा नको की पॅनेलला दोषी ठरवायचीच भीती वाटेल. माझ्या अनुभवात हे खरंच होतं, किमान शिक्षा फार जड असली की पुराव्यात खोट शोधली जाते. पहिल्या वेळेला सीझनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, लगेच कबूल केलं तर त्यातला काही भाग स्थगित, दुसऱ्या वेळेला दुप्पट-तिप्पट, असं काहीतरी मला झेपणारं वाटतं.

आणि बंदी पुढच्याच मॅचपासून, मग ती फायनल का असेना. २०१७ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलमध्ये, ह्यूस्टनच्या युली गुरिएलने डगआउटमध्ये बसून समोरच्या टीमच्या जपानी यू डार्विशची टिंगल करत डोळे ओढून दाखवले, बेसबॉल लीगने ५ मॅचची बंदी घातली पण पुढच्या सीझनच्या सुरुवातीला, कारण फायनलमध्ये बाकीच्या टीमला शिक्षा नको. ह्यूस्टन ती सीरिज जिंकलं. डार्विशने फार मोठ्या मनाने घेतलं, पण लीगचा निर्णय मला आजही पटत नाही, त्याच्यासमोरच तो माणूस खेळत राहिला. याच्या उलट ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, एएफएल. ऑगस्ट २०२५ मध्ये अ‍ॅडलेडच्या आयझॅक रँकिनला समलैंगिकांबद्दलच्या शिवीसाठी ४ मॅच बसल्या, वैद्यकीय कारणांमुळे एक कमी करून, आणि टीम टेबलात पहिली असताना तो फायनल्सना मुकला, अ‍ॅडलेड दोन्ही फायनल हरून बाहेर पडलं. क्लबला किती दुखलं असेल याची मला कल्पना आहे, पण पुढच्या सीझनला प्रत्येक कोच आपल्या पोरांना बसवून काय सांगेल हेही मला माहीत आहे. एएफएलवर टीका अशी होते की एकसारखेपणा नाही, २०२४ मध्ये साधारण त्याच गुन्ह्याला जेरेमी फिनलेसनला ३ आणि विल पॉवेलला ५. फिनलेसनने लगेच माफी मागितली होती, त्यामुळे फरक समजतो, पण मग हे मोजमाप आधी छापा ना, दर वेळी नव्याने का ठरवता.

याच एएफएलकडे अजून एक महत्त्वाचा धडा आहे. १९९५ मध्ये मायकल लाँग या आदिवासी खेळाडूने डेमियन मंकहर्स्टविरुद्ध तक्रार केली, तेव्हा नियमच नव्हता, दोघांना समोरासमोर बसवून मिटवलं आणि पत्रकार परिषदेत शेजारी बसवलं, लाँगच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती. तो हटला नाही म्हणून त्याच वर्षी वर्णद्वेषाविरुद्धचा नियम आला, सामंजस्याच्या बैठकीवर आधारलेला. मला सामंजस्य आवडतं, चांगलं झालं तर बंदीपेक्षा जास्त बदल घडवतं, पण दोन अटी हव्यात, तक्रारदाराला हवं असेल तरच, आणि शिक्षेच्या बदल्यात नाही, शिक्षेच्या सोबत. नाहीतर "मिटवून टाक, टीमचं वातावरण बिघडतंय" असा दबाव कोणावर येतो ते सांगायला नको. क्षमा केली म्हणून शिक्षा रद्द होत नाही हे पण त्यातच आलं. कोरियाच्या सन ह्युंग-मिनने टॉटनहॅममधला आपला सहकारी रॉद्रिगो बेंटांकुरला जाहीरपणे माफ केलं, तरी एफएने नोव्हेंबर २०२४ मध्ये ७ मॅचची बंदी घातली, कारण बेंटांकुर टीव्हीवर जे बोलला ते एकट्या सनबद्दल नव्हतं, सगळ्या कोरियन लोकांबद्दल होतं. सर्फराझलाही दक्षिण आफ्रिकेच्या टीमने माफ केलं होतं.

तपास क्लबकडे कधीच ठेवू नका. इंग्लंडच्या यॉर्कशायर क्रिकेट क्लबने आपला माजी खेळाडू अझीम रफिकच्या वर्णद्वेषाबद्दलच्या ४३ आरोपांपैकी ७ मान्य झाल्याचं सांगितलं आणि तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये कोणावरच कारवाई करणार नाही असं जाहीर केलं. पुढे संसदेच्या समितीसमोर त्याची साक्ष झाली, क्लबचे आंतरराष्ट्रीय सामने थांबवले गेले, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र शिस्तपालन आयोगाने ४८ पॉइंट कापले आणि ४ लाख पौंड दंड केला, त्यातले ३ लाख स्थगित. रफिकचे स्वतःचे ज्यूंबद्दलचे जुने मेसेजही बाहेर आले, त्याने माफी मागितली. काही लोकांना वाटलं की आता त्याची तक्रारच बाद झाली. तसं होत नाही, तक्रारदार संत असण्याची अट कुठल्याही नियमात नसते, दोन्ही गोष्टी आपापल्या जागी तपासायच्या.

जातीबद्दल वेगळं लिहितो, कारण बहुतेक आचारसंहितांमध्ये वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व, जन्म असे शब्द सापडतात, 'जात' सापडत नाही. वकील 'वंश' किंवा 'जन्म' यात जात बसवू शकतात, बसतेही, पण मैदानावरच्या अंपायरला ते कोण समजावणार? युवराज सिंगने २०२० मध्ये इन्स्टाग्राम लाइव्हवर एका सहकारी क्रिकेटपटूबद्दल गमतीत जातिवाचक शब्द वापरला, टीका झाल्यावर जाहीर खेद व्यक्त केला, आणि प्रकरण शेवटी पोलिसांकडे गेलं. क्रिकेटची स्वतःची काहीतरी वाट असती तर बरं झालं असतं. ज्या लीगमध्ये दक्षिण आशियातले खेळाडू खेळतात तिथे हा शब्द नियमात सरळ लिहा, त्याने अर्धं काम होतं.

मैदानावर त्या क्षणी काय करायचं? प्रेक्षकांच्या वर्णद्वेषासाठी फुटबॉलमध्ये तीन पायऱ्यांचा नियम आहे, आधी खेळ थांबवून घोषणा, मग टीम आत, मग मॅच रद्द. खेळाडूने खेळाडूला शिवी दिली तर मात्र रेफ्री बहुतेक वेळा म्हणतो, मी ऐकलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो लॉयल टीमच्या कॉलिन मार्टिनला, जो उघडपणे समलैंगिक आहे, तशी शिवी दिली गेल्याची तक्रार झाली, टीम ३-१ ने पुढे होती, तरी दुसरा हाफ सुरू झाल्यावर सगळे बाहेर निघून गेले आणि मॅच सोडून दिली. ज्याच्यावर आरोप होता त्या समोरच्या फिनिक्स टीमच्या ज्युनियर फ्लेमिंग्सने नाकारलं होतं, लीगने तपास करून ६ मॅचची बंदी घातली. त्या टीमचा मला आदर वाटतो, पण न्याय मागायला जिंकत आलेली मॅच सोडावी लागणं हे लीगचं अपयश आहे. रेफ्रीने निकाल द्यावा असं मी म्हणत नाही, त्याला ते शक्यच नसतं. त्याने खेळ थांबवावा, दोन्ही कॅप्टन बोलवावेत, तक्रार वेळेसह नोंदवावी आणि ती नोंदली गेली हे तक्रारदाराला समोरासमोर सांगावं. बऱ्याच खेळाडूंना तेवढ्याने पुढची चाळीस मिनिटं खेळता येतं.

जुन्या पोस्ट उकरून काढल्या जातात त्याबद्दल इंग्लंडचा क्रिकेटपटू ऑली रॉबिन्सनचा निकाल मला समतोल वाटतो. जून २०२१ मध्ये लॉर्ड्सवर त्याच्या पदार्पणाच्या दिवशीच किशोरवयातली वर्णद्वेषी ट्वीट्स बाहेर आली, त्याला ८ मॅच बसल्या, त्यातल्या ५ स्थगित आणि ३ तो आधीच बाहेर बसला होता त्या धरल्या. वय मोजलं, मधली वर्षं मोजली, पण दुर्लक्षही केलं नाही.

राहिलं माणूस बदलण्याचं. तासाभराचं प्रेझेंटेशन आणि शेवटी सही याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. बास्केटबॉलपटू मेयर्स लेनर्डने मार्च २०२१ मध्ये व्हिडिओ गेम खेळताना ज्यूंबद्दलची शिवी दिली, एनबीएने ५०,००० डॉलर दंड आणि आठवडाभर टीमपासून लांब ठेवलं, ती शिक्षा फारशी नव्हती, पण तो ज्यू समाजातल्या लोकांकडे जात राहिला, होलोकॉस्टमधून वाचलेल्यांना भेटला, आणि २०२३ मध्ये परत लीगमध्ये खेळला. कोबीने दोन वर्षांनी ट्विटरवर एका चाहत्याला तशीच भाषा वापरू नको म्हणून बजावलं आणि जेसन कॉलिन्सने आपण समलैंगिक असल्याचं जाहीर केलं तेव्हा उघड पाठिंबा दिला. म्हणून आजन्म बंदी वगैरे मागण्या मला पहिल्या गुन्ह्याला नको वाटतात. माफीनाम्याचा मसुदा मात्र क्लबच्या मीडिया विभागाला लिहू देऊ नका. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य आलं की पॅनेलने कागद परत पाठवावा. डिसेंबर २०१५ मध्ये एनबीएच्या राजन रॉन्डोने रेफ्री बिल केनेडीला समलैंगिकतेवरून शिवी दिल्यावर पहिल्यांदा असंच काहीतरी लिहिलं होतं, वैतागाच्या भरात झालं, कोणाला दुखवायचं नव्हतं, ते कोणालाच पटलं नाही आणि त्याला परत नीट लिहावं लागलं. केनेडीने दरम्यान आपण समलैंगिक असल्याचं जाहीर केलं होतं.

छोट्या लीगवाले विचारतात की आमच्याकडे एवढे पैसे कुठे, वकील, भाषातज्ज्ञ, स्वतंत्र पॅनेल. त्यांना मी सांगतो की सीझनच्या आधी तीन बाहेरची माणसं ठरवून ठेवा ज्यांचा कुठल्याही क्लबशी संबंध नाही, जबाबाचा एक पानाचा फॉर्म खेळाडू बोलतात त्या सगळ्या भाषांमध्ये छापून प्रत्येक रेफ्रीच्या बॅगेत ठेवा, चौदा दिवसांत निकाल असा नियम करा, निकालाची कारणं जाहीर करा पण त्यात तक्रारदाराची खाजगी माहिती नको, आणि निकालानंतर सहा महिन्यांनी त्या तक्रारदाराला लीगमधल्या कोणीतरी फोन करून विचारा की टीममध्ये जागा टिकलीये का, कराराचं काय झालं, कोणी त्रास देतंय का. उत्तर वाईट आलं तर ती नवी तक्रार म्हणून नोंदवा.